रिजेक्शनच्या गोळ्या आणि रक्ताची गुठळी

प्रत्यारोपणाच्या टेबलावर सर्जन रक्तवाहिन्यांवरचे क्लॅम्प सोडतो, तेव्हा बर्फातून काढलेली राखाडी किडनी काही क्षणांत गुलाबी होते, भरून घट्ट होते. पुष्कळदा तिथेच मूत्रनलिकेच्या टोकातून लघवी ठिबकू लागते आणि ऑपरेशन थिएटरमधला ताण उतरतो. १९६० च्या दशकात काही वेळा यापुढे आणखी एक प्रसंग घडत असे. गुलाबी झालेली किडनी मिनिटा-मिनिटाला ठिपकेदार निळी पडे, मऊ होई आणि तिच्यातलं रक्त फिरायचं थांबे. टाके नीट असत, रक्तदाबही नीट असे. काढलेली किडनी तपासली की आतल्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी गच्च भरलेल्या सापडत. लॉस एंजेलिसच्या पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी १९६९ साली याचा हिशेब मांडला. ज्या ३० प्रत्यारोपणांत रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीपासूनच होत्या, त्यांतल्या २४ किडन्या लगेच निकामी झाल्या; तशा अँटिबॉडी नसलेल्या १९५ मध्ये फक्त ८. क्रॉसमॅच, म्हणजे या अँटिबॉडीची तपासणी, केल्याशिवाय किडनी बसवायची नाही हा नियम तिथून पक्का झाला.

त्या गुठळ्यांना कुठलीही गोळी जबाबदार नव्हती. रिजेक्शननेच, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारण्यानेच, रक्त गोठवलं होतं. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण आज प्रश्न उलट बाजूने विचारला जातो. किडनी बदलून आलेला माणूस औषधाच्या पाकिटातली घडीची चिठ्ठी उलगडतो, त्यात बारीक अक्षरांत ‘थ्रॉम्बोसिस’ वाचतो आणि डॉक्टरांना विचारतो, की किडनी वाचवायच्या या गोळ्या माझ्या रक्ताच्या गुठळ्या तर करणार नाहीत ना? भारतात २०२३ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक किडन्यांचं प्रत्यारोपण झालं. दाते बहुतांशी जिवंत आणि घरातलेच: आई, बायको, बहीण, वडील. या प्रत्येक घरात रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी त्या गोळ्या घेतल्या जातात. तेव्हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात मिळत नाही, कारण ‘गुठळी’ म्हणताना आपण तीन वेगळ्या घटना एकाच नावाने बोलत असतो. एक, नव्या किडनीच्या मुख्य धमनीत किंवा शिरेत पहिल्या काही दिवसांत होणारी. दुसरी, किडनीच्या आतल्या केसाहून बारीक वाहिन्यांत होणारी. तिसरी, पायाच्या शिरेत होऊन कधीकधी फुप्फुसापर्यंत जाणारी. माझ्या वाचनातून निघालेला निष्कर्ष असा, की वाहिनी जितकी बारीक तितका औषधाचा दोष मोठा. वाहिनी जितकी मोठी तितका शस्त्रक्रियेचा आणि बाकीच्या कारणांचा. याला अपवाद आहेत, आणि त्यांतला एक चांगलाच अडचणीचा आहे.

रुडॉल्फ विरचो या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रक्त वाहिनीत का गोठतं याची जी मांडणी केली, तिच्यावरून आजही तीन कारणं शिकवली जातात: प्रवाह मंदावणं, वाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गुण बदलणं. किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णात ही तिन्ही एकाच आठवड्यात हजर असतात. त्यातून किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त आधीच विचित्र वागत असतं. प्लेटलेट नीट चिकटत नाहीत म्हणून हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं; आणि त्याच माणसाचा डायलिसिससाठी केलेला फिश्च्युला एखाद्या रात्री गोठून बंद पडतो. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर बोटं ठेवून ‘थ्रिल’, म्हणजे फिश्च्युलातल्या रक्ताची थरथर, लागतो का ते पाहायची सवय डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाला असते. गुठळीची भीती त्याला गोळ्या सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असते.

पहिल्या दिवसांतली मोठी गुठळी आधी बघू. ती विरळ आहे. वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदींत अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत आकडे सापडतात. पण ती झाली की किडनी बहुधा हातची जाते. आपल्या मूळ किडनीला मुख्य शिरेखेरीज इतर बारीक वाटांनीही रक्त परत नेता येतं. काढून दुसरीकडे बसवलेल्या किडनीच्या त्या वाटा तोडलेल्या असतात. एक धमनी, एक शीर, एवढाच तिचा संसार. शीर बंद झाली की किडनी सुजते, दुखते, लघवी लाल होते किंवा थांबते. रात्रपाळीची नर्स दर तासाला लघवीची पिशवी मोजून तक्त्यावर मिलिलिटर लिहिते ते याचसाठी. यातही एक फसगत आहे. रुग्णाच्या जुन्या किडन्या अजून थोडीफार लघवी करत असतील, तर पिशवीत आकडा दिसत राहतो आणि नवी किडनी बंद पडल्याचं लक्षात यायला उशीर होतो. म्हणून शंका येताच खाटेपाशी डॉप्लर सोनोग्राफी करतात. शिरेतला प्रवाह दिसत नाही आणि धमनीतलं रक्त हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये उलटं वळताना दिसतं, तेव्हा पुन्हा टेबलावर न्यायला फार वेळ हातात नसतो.

या गुठळीची कारणं बहुतांशी शस्त्रक्रियेच्या आणि शरीररचनेच्या बाजूची आहेत. उजव्या किडनीची शीर आखूड असते, म्हणून जिवंत दात्याची शक्यतो डावी किडनी घेतात. दाता किंवा रुग्ण लहान मूल असेल तर वाहिन्या बारीक असतात. एकाऐवजी दोन-तीन धमन्या असल्या तर जोड वाढतात. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब खाली गेला, किडनी फार वेळ बर्फात राहिली, रुग्णाला आधी कधी गुठळी झालेली असली किंवा ल्युपससारख्या आजारात सापडणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी अँटिबॉडी असल्या, तर धोका वाढतो. त्यामुळे प्रत्यारोपणाआधीच्या तपासणीत ‘कधी पाय सुजला होता का, किती गर्भपात झाले, फिश्च्युला किती वेळा बंद पडला’ हे प्रश्न विचारायलाच हवेत. घाईच्या ओपीडीत ते सुटतात, ही माझी तक्रार आहे.

औषधावर पहिला गंभीर संशय आला तो सायक्लोस्पोरिनमुळे. नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून निघालेलं हे द्रव्य बाझलच्या सँडोझ कंपनीत जाँ-फ्रांस्वा बोरेल आणि सहकाऱ्यांनी तपासलं, रॉय कॅन यांनी १९७८ साली केंब्रिजमध्ये ते माणसांत वापरलं, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मृत दात्याची किडनी वर्षभर टिकण्याचं प्रमाण त्याने एकदम वर नेलं. प्रत्यारोपण हा धाडसी प्रयोग न राहता उपचार झाला, तो मुख्यतः या औषधामुळे. पण दोनच वर्षांत, १९८५ मध्ये, बेल्जियमच्या लूव्हेन इथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना जुन्या अझाथायोप्रिनवरच्या रुग्णांपेक्षा गुठळ्यांचा त्रास जास्त होतोय. त्याआधी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांतही या औषधावर असताना किडनीतल्या बारीक वाहिन्या बंद पडल्याच्या नोंदी आल्या होत्या.

पुढच्या चाळीस वर्षांत या संशयाचे दोन भाग वेगळे झाले. मोठ्या शिरांबाबतचा पुरावा डळमळीत राहिला. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. बारीक वाहिन्यांबाबतचा मात्र पक्का झाला, आणि सायक्लोस्पोरिनची जागा घेणाऱ्या टॅक्रोलिमसलाही तो लागू पडतो. हे जपानी औषध त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये सापडलं आणि आज आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनच्या जोडीला तेच असतं.

बारीक वाहिनीत होतं काय? वाहिनीच्या आतलं अस्तर ही नुसती नळीची भिंत नसते. रक्त वाहतं ठेवणारी रसायनं ते सतत तयार करत असतं. ही दोन्ही औषधं त्या अस्तराला त्रास देतात. वाहिनी सैल ठेवणारं, प्लेटलेटना दूर ठेवणारं प्रोस्टासायक्लिन कमी होतं. आवळणारे थ्रॉम्बोक्सेन आणि एंडोथेलिन वाढतात. अस्तर फाटलं की प्लेटलेट चिकटतात, फायब्रिनचे धागे आडवे पडतात आणि त्यातून दाबाने जाणाऱ्या तांबड्या पेशी तारेने साबण कापावा तशा कापल्या जातात. या तुटक्या पेशी स्लाइडवर दिसतात: कुणाला दोन टोकं, कुणाचा तुकडा शिरस्त्राणासारखा अर्धगोल. पॅथॉलॉजी लॅबमधला अनुभवी माणूस मशीनच्या आकड्यांवर न थांबता स्लाइड स्वतः बघतो तेव्हाच हे सापडतं. सोबत प्लेटलेट उतरतात, हिमोग्लोबिन उतरतं, एलडीएच चढतो, हॅप्टोग्लोबिन नाहीसं होतं आणि क्रिएटिनिन वाढू लागतो. वैद्यकात याला थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘टीएमए’.

सगळ्यांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की काही रुग्णांत रक्ताच्या सगळ्या तपासण्या ठीक असतात. फक्त क्रिएटिनिन १.२ वरून १.८ वर गेलेला असतो, आणि आजार फक्त बायोप्सीत दिसतो. अशा वेळी ‘रिजेक्शन असेल’ असं गृहीत धरून औषध वाढवलं, तर आगीत तेल पडतं. उलट ‘टीएमए’ दिसला म्हणून औषध कमी केलं आणि मुळात तो अँटिबॉडीने होणाऱ्या रिजेक्शनमुळे असेल, तर तोही घात. बायोप्सीशिवाय यातून मार्ग नाही, आणि बायोप्सीच्या जोडीला दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणीही लागते. सीएमव्ही, पार्व्हो यांसारखे विषाणूही हेच चित्र उभं करू शकतात.

औषधावर दोष टाकणं किती सोपं आणि किती अपुरं आहे हे २००८ च्या एका फ्रेंच अभ्यासाने दाखवलं. प्रत्यारोपणानंतर नव्यानेच टीएमए झालेल्या २४ रुग्णांपैकी ७ जणांत कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनसाखळीच्या जनुकांत दोष सापडले. म्हणजे औषधाने ठिणगी टाकली असेल, पण दारूगोळा काहींच्या शरीरात जन्मापासून होता. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मूळ किडनी कशाने गेली हे माहीत नसलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत; ते पहिल्यांदा डॉक्टरकडे येतात तेव्हाच दोन्ही किडन्या आकसलेल्या असतात आणि कारण शोधायची वेळ गेलेली असते. त्यांतल्या एखाद्याचा मूळ आजारच कॉम्प्लिमेंटचा असू शकतो आणि तो नव्या किडनीत परत येतो. अशांना एक्युलिझुमॅबसारखं कॉम्प्लिमेंट अडवणारं औषध लागतं. ते अतिशय महाग आहे, आणि त्याआधी मेनिंजायटिसची लस घ्यावी लागते. ज्यांच्यात औषधाचाच दोष ठरतो, त्यांत टॅक्रोलिमसची मात्रा कमी करणं, बदलणं किंवा काही ठिकाणी शिरेतून दिल्या जाणाऱ्या बेलाटासेप्टवर जाणं हे पर्याय आहेत. लवकर लक्षात आलं तर किडनी सावरते.

इथे २००७ च्या ‘सिम्फनी’ चाचणीचा उल्लेख हवा. १,६४५ रुग्णांना चार वेगवेगळ्या पद्धतींनी औषधं दिली गेली, आणि कमी मात्रेतल्या टॅक्रोलिमसचा गट किडनीचं काम आणि रिजेक्शन या दोन्ही बाबतींत सरस ठरला. ही चाचणी गुठळ्यांसाठी नव्हती. पण ‘जितकं जास्त तितकं सुरक्षित’ ही जुनी समजूत तिने मोडली आणि सगळीकडे टॅक्रोलिमसच्या पातळ्या खाली आल्या. बारीक वाहिन्यांनाही त्याचा फायदाच झाला असणार.

आता तो अडचणीचा अपवाद. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूने तयार केलेलं द्रव्य माँट्रियलमध्ये सुरेन सेहगल यांनी वेगळं केलं. सेहगल पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरून द्रव्याला रापामायसिन म्हणू लागले, औषध म्हणून त्याचं नाव सिरोलिमस. १९९९ मध्ये किडनी प्रत्यारोपणासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ‘किडनीला न दुखवणारं औषध’ म्हणून त्याचं फार कौतुक झालं. टॅक्रोलिमसचा त्रास वाचवायला सिरोलिमस, असं समीकरण बनलं.

यकृत प्रत्यारोपणात ते वापरलं तेव्हा यकृताच्या धमनीत गुठळी होण्याचे प्रकार वाढलेले दिसले, आणि औषधावर ठळक चौकटीतला इशारा आला. त्याच कुळातल्या एव्हरोलिमसला २०१० मध्ये किडनीसाठी मान्यता मिळाली ती असाच इशारा घेऊन, की किडनीच्या धमनीत किंवा शिरेत गुठळी होऊन किडनी गमावण्याचा धोका वाढतो, आणि तो बहुतेक पहिल्या ३० दिवसांत असतो. म्हणजे इथे मोठ्या वाहिनीतही औषधाचं नाव येतं. हे कूळ पेशींची वाढ रोखतं. त्यामुळे जखम उशिरा भरते, टाक्यांच्या आत वाहिनीचं नवं अस्तर उशिरा तयार होतं, आणि उघड्या राहिलेल्या पृष्ठभागावर रक्त गोठतं. म्हणूनच आज बहुतेक सर्जन हे औषध पहिल्याच दिवशी सुरू करायला नाखूश असतात. जखम भरल्यावर, काही आठवड्यांनी, ते जोडतात. त्याला टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पूर्ण मात्रा जोडली तर बारीक वाहिन्यांचा आजारही वाढतो.

हृदयरोगाच्या बाजूला याच औषधाची अशीच कथा झाली आहे. सिरोलिमसचा लेप दिलेले स्टेंट २००३ पासून अमेरिकेत वापरात आले. वाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण त्यांनी एकदम कमी केलं. २००६ च्या सुमारास मात्र वर्षानंतर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची चिंता जगभर पसरली. कारण तेच, अस्तर उशिरा चढणं. म्हणून स्टेंट बसवल्यावर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्यायला लावू लागले. आपल्या ओळखीतला स्टेंटवाला माणूस नकळत त्याच ईस्टर बेटाच्या मातीचा ग्राहक आहे.

स्टेरॉइडबद्दल लोकांना वजन, साखर, चेहरा गोल होणं एवढं माहीत असतं. रक्त गोठवणारे काही घटक वाढवणं आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावणं, हाही त्याचा गुण आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात स्टेरॉइड घेणाऱ्यांत शिरांतल्या गुठळीचा धोका वाढलेला दिसला, आणि नव्याने सुरू केलेल्यांत तो सर्वांत जास्त होता. प्रत्यारोपणानंतरचा पहिला महिना म्हणजे नेमका तोच काळ: मोठे डोस, टाक्यांमुळे खाटेवर पडून राहणं, आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. रिजेक्शनवर उपचार करताना स्टेरॉइडचे मोठे डोस पुन्हा दिले जातात, कधी जोडीला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. या दुसऱ्यावर २०१३ पासून अमेरिकेत गुठळीचा इशारा आहे. मायकोफेनोलेट आणि अझाथायोप्रिन या बाबतीत बरेच निरुपद्रवी आहेत.

पायातल्या गुठळीला औषध एकटं जबाबदार नसतं. ऑक्सफर्डच्या १९८७ च्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ८ टक्के रुग्णांना ती झाली होती, आणि सर्वाधिक प्रमाण चौथ्या महिन्याच्या आसपास होतं, म्हणजे टाके केव्हाच भरल्यावर. नवी किडनी पोटात खाली, कमरेच्या हाडाच्या खळग्यात बसवतात आणि तिची शीर पायातून येणाऱ्या मोठ्या शिरेला जोडतात. तिथे लसीका साचून फुगवटा आला, ज्याला लिम्फोसील म्हणतात, तर तो त्या शिरेला दाबतो. त्यामुळे ज्या बाजूला किडनी आहे त्या बाजूचा पाय सुजला तर दोन शक्यता असतात आणि दोन्हींत सोनोग्राफी लागते. दोन्ही पाय सारखेच सुजले तर बहुधा अ‍ॅम्लोडिपिन किंवा वाढलेलं मीठ-पाणी असतं. एकच पाय सुजला तर त्याच दिवशी दाखवायचं. सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबायचं नाही. सोबत धाप लागत असेल तर इमर्जन्सीतच जायचं.

आणखी एक कारण गमतीचं आहे, कारण ते किडनी फार छान चालते तेव्हाच येतं. वर्षानुवर्षं सात-आठ हिमोग्लोबिनवर जगलेला माणूस प्रत्यारोपणानंतर साधारण पहिल्या दोन वर्षांत सतरावर जातो. नातेवाईक खूश असतात, ‘रक्त भरलं’ म्हणतात. पण रक्त दाट झालेलं असतं, आणि त्यातून गुठळी होऊ शकते. साधारण ८ ते १५ टक्के रुग्णांत हे होतं. पुरुषांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. उपाय स्वस्त आहे: एनालाप्रिल किंवा लोसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी. ती रक्तदाबासाठी नाही, हिमोग्लोबिन खाली आणायला दिली आहे, हे रुग्णाला सांगितलं नाही तर तो ‘माझं प्रेशर नॉर्मल आहे’ म्हणून बंद करतो.

गुठळी टाळायला आधीच काही द्यावं का? ऑक्सफर्डच्याच डॉक्टरांनी २००० साली दाखवलं की सायक्लोस्पोरिनवरच्या रुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर किडनीच्या शिरेतल्या गुठळीचं प्रमाण ५.६ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आलं. आकडा आकर्षक आहे. पण ती तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतल्या रुग्णांची होती, आणि मधल्या काळात सर्जनचा हातही सुधारतो. हेपॅरिनबद्दलचा पुरावा त्याहून पातळ आहे. त्याने नव्या किडनीभोवती रक्त साचून पुन्हा पोट उघडायची वेळ येऊ शकते. त्यामुळे सरसकट सगळ्यांना न देता धोका जास्त असलेल्यांना देणं, हीच वाट मला शहाणपणाची वाटते.

गुठळी झाल्यावर रक्त पातळ करणारी औषधं लागतात, आणि इथे गोळ्यांची आपापसातली भांडणं सुरू होतात. सायक्लोस्पोरिन काही नव्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतं. डॅबिगाट्रान मुख्यतः किडनीतूनच बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन चढलेल्याला ते नको. वॉरफरिन जुनं, पण त्याचा परिणाम आयएनआर तपासणीने मोजता येतो. आपल्याकडची खरी गाठ क्षयरोगाशी आहे. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी जमिनीवर आणतं आणि वॉरफरिनचा परिणामही पुसून टाकतं. म्हणजे रिजेक्शन आणि गुठळी दोन्हींचं दार एकाच कॅप्सूलने उघडतं. म्हणून अनेक नेफ्रॉलॉजिस्ट ते टाळून दुसरी औषधं देतात. उलट बाजूला, टॅक्रोलिमसचा खर्च कमी करायला डिल्टियाझेम किंवा किटोकोनाझोल जोडायची पद्धत काही ठिकाणी वापरली गेली आहे. ती जोडगोळी गावच्या डॉक्टरने ‘ही कशाला?’ म्हणून बंद केली, की पातळी कोसळते.

घरातल्या गोष्टीही यात आहेत. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं, गोव्यात माटोळीला टांगलं जाणारं पपनस टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं. एका किडनीच्या रुग्णात तसं झाल्याची नोंद २००३ सालीच छापून आलेली आहे. जुलाब लागले की औषध वाहून जाईल असं वाटतं, पण टॅक्रोलिमसचं उलट होतं. आतड्याचं अस्तर सुजल्यामुळे ते जास्त शोषलं जातं, पातळी चढते, आणि त्याच वेळी शरीरातलं पाणी कमी झाल्याने रक्त दाट झालेलं असतं. निर्जळी एकादशी या रुग्णांनी करू नये ती याचमुळे. आणि पूजेसाठी, गौरींसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी. नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि मोठ्या मात्रेत गुठळीचा धोका वाढवतो. किडनी बदललेल्या बाईने ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नये, हे तिच्या सासूलाही कुणीतरी सांगायला हवं. गर्भनिरोधकासाठीही इस्ट्रोजेनच्या गोळीऐवजी कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची, पण हार्मोन सोडणारी साधनं स्त्रीरोगतज्ज्ञ सुचवतात.

हे सगळं वाचून एखाद्याने टॅक्रोलिमस बंद करायचं ठरवलं तर काय होईल? अँटिबॉडी तयार होतील, त्या बारीक वाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतील आणि बायोप्सीत पुन्हा गुठळ्याच दिसतील. १९६० च्या दशकातल्या त्या निळ्या किडन्यांइतक्या झपाट्याने नाही, महिन्यांच्या गतीने. पातळी कमी करायची की नाही, हे रक्त तपासून डॉक्टरनेच ठरवायचं असतं.

गुठळीने एक संपूर्ण औषधकुळच एकदा मागे रेटलं होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रतिकारशक्तीच्या दोन पेशींमधला सीडी-४० नावाचा संदेश तोडणाऱ्या अँटिबॉडीने माकडांत किडन्या अप्रतिम टिकवल्या होत्या. पण ती अँटिबॉडी ज्या रेणूला चिकटते, तो प्लेटलेटवरही असतो. माकडांत आणि माणसांतही गुठळ्या होऊ लागल्या आणि चाचण्या थांबल्या. पुढे कळलं की दोष अँटिबॉडीच्या शेपटीच्या भागात होता, जो प्लेटलेटना एकत्र बांधत होता. तो भाग बदलून बनवलेली नवी अँटिबॉडी, टेगोप्रुबार्ट, आता माणसांत तपासली जात आहे. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकं बदललेल्या डुकराची किडनी पहिल्यांदा एका जिवंत रुग्णाला बसवली, तेव्हा त्याच्या औषधांत ती होती. सुमारे दोन महिन्यांनी तो रुग्ण हृदयाच्या कारणाने गेला. शवविच्छेदनात किडनी रिजेक्ट झाल्याचं आढळलं नाही.